पुस्तक एक, वाचणारे दोघं

'द जेन ऑस्टिन बुक क्लब' हा २००७ सालचा इंग्रजी सिनेमा एखाद्या युनिटमध्ये लावला, तर दहा मिनिटांत निम्मी मंडळी उठून कॅरमकडे जातील. बंदूक नाही, पाठलाग नाही. कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटोमध्ये पाच बायका आणि एक पुरुष महिन्यातून एकदा जमतात, जेन ऑस्टिनच्या सहा कादंबऱ्या एकेक करून वाचतात आणि खातपीत त्यांवर वाद घालतात. बस्स. तरीही हा सिनेमा आपण फौजींनी आणि आपल्या घरच्यांनी जरूर बघावा, असं माझं मत आहे.

कारण त्यातली माणसं पुस्तकावर बोलता बोलता स्वतःबद्दल बोलतात. सिल्वियाचा नवरा वीसेक वर्षांचा संसार मोडून निघून गेलाय. प्रुडीचा नवरा घरात असूनही दूरच आहे. "कशी आहेस?" विचारलं तर उत्तर "बरी आहे". पण कादंबरीतल्या बाईचं चुकलं की बरोबर होतं, एवढं विचारा. मग बघा कशा तोंड उघडतात!

आता आपलं फोनवरचं बोलणं आठवा. "जेवलात का?" "जेवलो." "थंडी आहे?" "आहे." "पैसे आले?" "आले." मग नेटवर्क जातं आणि खरं सांगायचं तर दोघांनाही थोडं सुटल्यासारखं वाटतं. प्रेम आटलेलं नसतं, विषय संपलेले असतात. पोस्टवरचं सगळं आपल्याला सांगता येत नाही, आणि घरचं सगळं ती सांगत नाही, उगाच काळजी नको म्हणून. अशी वर्षं जातात. पेन्शन घेऊन घरी आल्यावर कळतं, की एका छताखाली दोन अनोळखी माणसं राहताहेत.

ऑस्टिनला हे ठाऊक होतं. तिचे दोन भाऊ, फ्रान्सिस आणि चार्ल्स, ब्रिटिश नौदलात होते. चार्ल्स तर १८५२ मध्ये ब्रह्मदेशातल्या मोहिमेवर, इरावती नदीवरच वारला. तिच्या 'पर्सुएशन' कादंबरीचा नायकही नौदलाचा कप्तान आहे. मोडलेलं लग्न, मधली आठ वर्षं आणि न बोललेलं बरंच काही, अशी ती गोष्ट. सिनेमातली प्रुडी शेवटी नवऱ्यासोबत हीच कादंबरी वाचायला बसते.

पुस्तकं बायकांसाठी, असं म्हणणाऱ्यांसाठी किपलिंगची साक्ष काढतो. मुंबईत जन्मलेल्या या लेखकाची १९२४ ची 'द जेनाइट्स' ही कथा पहिल्या महायुद्धातल्या एका तोफखान्याची आहे. त्यातले गनर ऑस्टिनचे भक्त असतात आणि तोफांवर खडूने तिच्या पात्रांची नावं लिहितात! कथाच आहे ती. पण तोफखान्यातल्या कुणालाही ती खोटी वाटणार नाही.

सिनेमात खोट नाही असं नाही. शेवटी सगळ्यांच्या जोड्या इतक्या नीट जुळतात, की जणू सहा पुस्तकं वाचली की मोडलेले संसार आपोआप उभे राहतात. तसं होत नाही. पुस्तक भांडण मिटवत नाही, फक्त बोलायला जागा करून देतं. तेवढंही थोडं नाही.

त्यातला ग्रिग मला सर्वांत आवडला. ऑस्टिनची एक ओळ न वाचता क्लबात शिरलेला हा गडी सहाही कादंबऱ्या एकाच जाडजूड ग्रंथात आणतो आणि विचारतो, हे एकाच गोष्टीचे भाग आहेत का? अडाणी दिसायची लाज त्याला नाही. आपल्याला असते, म्हणून आपण सुरुवातच करत नाही.

तेव्हा पुढच्या सुट्टीत शिवाजी सावंतांच्या 'मृत्युंजय'च्या दोन प्रती घ्या. एक घरी ठेवा, एक ट्रंकेत टाका. त्यात कर्ण स्वतः बोलतो, कुंती बोलते आणि त्याची बायको वृषालीही बोलते. आठवड्याला ठरावीक पानं दोघांनी वाचायची आणि रविवारी फोनवर एवढंच विचारायचं, "वृषालीचं तुला पटलं का?"

निवृत्त बंधूंनो, तुम्हाला तर दुसरी प्रतही नको. एकाने मोठ्याने वाचा, दुसऱ्याने ऐका. मग वाद घाला.

जय हिंद.