भिंतीतल्या तारा कोणाच्या?

मुंबईतील कोणत्याही जुन्या इमारतीच्या जिन्याखाली क्षणभर उभे राहून वर पाहावे. टेलिफोनची गंजलेली पत्र्याची पेटी, तिच्यातून मजल्यामजल्यावर चढत गेलेली तांब्याच्या तारांची जाड जुडी, शेजारून केबल टीव्हीची काळी तार, आणि या सर्वांवरून, खिडक्यांच्या गजांना व सांडपाण्याच्या नळांना मिठी मारीत लोंबणारे इंटरनेट कंपन्यांच्या नव्या तारांचे जाळे! जुनी तार मृतवत पडून आहे आणि नवी तार भिंतीला भोक पाडून आत शिरत आहे. जितक्या कंपन्या तितकी भोके! एवढे होऊनही मागच्या खोलीतील बिऱ्हाडाला इंटरनेट मिळत नाही ते नाहीच. ‘तुमच्या मजल्यावर आमची लाइन नाही,’ असे कंपनी सांगते. ‘भिंत फोडू देणार नाही,’ असे घरमालक बजावतो. आणि कमिटी पुढच्या सभेकडे बोट दाखविते.

हा प्रश्न क्षुल्लक आहे असे ज्यांना वाटत असेल, त्यांनी 2020 साल आठवावे. त्या वर्षी शाळा घरात आली. ज्या घरात तार होती त्या घरातील मूल वर्गात बसले. ज्या घरात ती नव्हती तेथील मुलाने मोबाइलला रेंज मिळावी म्हणून गच्ची गाठली. शाळा पुन्हा शाळेत गेली, पण परीक्षांचे अर्ज, नोकरीच्या मुलाखती, बँकेचे व्यवहार हे सारे घरातच राहिले. अशा स्थितीत एका जिन्यावरच्या दोन बिऱ्हाडांपैकी एकाला ही सोय मिळावी व दुसऱ्याला मिळू नये, हे आम्हांला न्याय्य वाटत नाही.

आमचे म्हणणे असे की, जेथे नवी तार नेता येत नाही तेथे भिंतीत असलेल्या तारेला कामाला लावा. यावर सुशिक्षित वाचक हसेल. टेलिफोनच्या तारेवरून इंटरनेट म्हणजे ते जुने रडतखडत चालणारे प्रकरण ना, असे तो विचारील. 2004 च्या धोरणात सरकारने सेकंदाला 256 किलोबिट एवढ्या वेगालाच ‘ब्रॉडबँड’ म्हणून गौरविले होते, आणि ग्राहक त्यावरही समाधान मानीत होता, हे खरे. 2023 पासून ही मर्यादा 2 मेगाबिट झाली आहे, म्हणजे तीही फार मोठी झाली असे नव्हे. तथापि दोष तारेच्या धातूत नव्हता, तिच्या लांबीत होता. मनुष्याचा आवाज पोहोचविण्यास 300 ते 3400 हर्ट्‌झ एवढा पट्टा टेलिफोनला पुरे होतो. तीच तांब्याची जोडी लक्षावधी, किंबहुना कोट्यवधी हर्ट्‌झचे संकेतही वाहू शकते. मात्र संकेत जितका उच्च तितका तो लवकर क्षीण होतो. एक्स्चेंजपासून घरापर्यंत दोन-तीन किलोमीटर चालून आलेल्या संकेताची त्यामुळेच दमछाक होत असे.

आता परिस्थिती पालटली आहे. ऑप्टिकल फायबर इमारतीच्या दारापर्यंत येऊन ठेपली आहे. उरला तो जिना. तळमजल्यावरच्या पेटीपासून चौथ्या मजल्यावरच्या खोलीपर्यंत तार असून असून किती लांब असणार? पन्नास मीटर, फार तर शंभर. एवढ्या अंतरासाठीच आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने 2014 साली ‘जी.फास्ट’ नावाचे मानक संमत केले. तार चांगली असेल आणि अंतर शंभर मीटरांच्या आत असेल, तर जाण्यायेण्याचे मिळून सेकंदाला गिगाबिटच्या घरात वेग त्यावर मिळू शकतो. केबल टीव्हीच्या तारेची क्षमता तर याहूनही मोठी. मुंबईत त्या तारेवरून कित्येक घरांना वर्षानुवर्षे इंटरनेट मिळत आले आहे.

अर्थात जादूची कांडी म्हणून हे आम्ही कोणाच्या गळ्यात मारू इच्छीत नाही. एका जुडीतील तारा एकमेकींच्या संकेतात लुडबूड करतात. त्यावर उपाय आहे, पण तो करण्यासाठी ती सर्व जुडी बहुधा एकाच यंत्राच्या हाती द्यावी लागते. मुंबईच्या चार महिन्यांच्या पावसाने किती जोड कुजविले असतील, हे पेटी उघडल्यावाचून कळणार नाही. शिवाय जिन्याखालच्या यंत्राला वीज लागते, आणि ती कोणाच्या मीटरवरून घ्यायची यावरून कमिटीच्या दोन सभा सहज पार पडतील! नव्या उत्तुंग इमारतीत हा खटाटोप करण्याचे कारणच नाही. तेथे घराघरात फायबरच गेली पाहिजे. आमचा रोख आहे तो गिरगाव-परळच्या चाळींवर, पागडीच्या घरांवर, पुनर्विकासाच्या प्रतीक्षेत पिढी म्हातारी झालेल्या उपकरप्राप्त इमारतींवर. उद्या पाडायच्या भिंतीत आज खर्च कोण करणार, असे म्हणून ज्यांना नवी तार नाकारली जाते, त्यांचा ‘उद्या’ वीस-वीस वर्षे उजाडत नाही.

आणि येथेच मूळ प्रश्न उभा राहतो. ह्या तारा कोणाच्या? 1885 च्या तार कायद्याने सरकारला दुसऱ्याच्या मिळकतीवरून तार नेण्याची मुभा दिली, पण त्या मिळकतीत वापरापलीकडे कोणताही हक्क दिला नाही. 2023 च्या दूरसंचार कायद्यानेही तेच तत्त्व राखले. म्हणजे भिंत रहिवाशांची व तार कंपनीची. ठीक! परंतु कंपनीने तार वापरायचे सोडले, ग्राहकाने टेलिफोन परत केला, तरी ती तार तशीच कुलपात ठेवण्याचा अधिकार कंपनीला कोणत्या न्यायाने पोहोचतो? भिंत अडवायची आणि उपयोग मात्र कोणालाच होऊ द्यायचा नाही, ही गवताच्या गंजीवर बसलेल्या कुत्र्याची नीती झाली.

अमेरिकेत हा तंटा उघडपणे लढला गेला. सॅन फ्रान्सिस्को शहराने 2016 साली नियम केला की, रहिवाशाने निवडलेल्या कंपनीला इमारतीच्या मालकाने अडवू नये व मालकाच्या असलेल्या तारा तिला वापरू द्याव्यात. 2019 मध्ये तेथील केंद्रीय दूरसंचार आयोगाने त्यातील एक भाग रद्द केला: जी तार दुसऱ्या कंपनीच्या वापरात आहे ती वाटून देण्याची सक्ती नको. हा निर्णय आम्हांला सर्वस्वी अयोग्य वाटत नाही. चालू तारेत दुसऱ्याने हात घातला तर दोघांचेही ग्राहक बुडतील. पण त्याच आयोगाने 2022 साली दुसऱ्या एका चलाखीला पायबंद घातला. कंपनीने इमारतीतील तारा मालकाला विकायच्या, आणि लगेच त्याच तारांचा एकट्याने वापर करण्याचा हक्क भाडेपट्ट्याने राखून प्रतिस्पर्ध्याला दार बंद करायचे, असा तो डाव होता.

आपल्याकडे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने 2024 च्या ऑक्टोबरात इमारतींना इंटरनेटच्या सोयीनुसार तारांकन देण्याचे नियम केले. उत्तम! पण तारांकनासाठी अर्ज कोण करणार? ज्याला फ्लॅट विकायचे आहेत तो बिल्डर. मोडक्या चाळीच्या मालकाला तारा मिळवून काय करायचे आहे? त्याच्याविषयी सरकारने वेगळा नियमच करावयास हवा: ठरावीक मुदतीत वापरात न आलेली इमारतीतील तार रहिवाशांच्या स्वाधीन व्हावी, आणि ती ज्या कंपनीला द्यायची तिला ती एकटीसाठी राखून ठेवता येऊ नये. ही मागणी खासदारांनी दिल्लीत लावून धरावी.

रहिवाशांनीही तोवर हात जोडून बसण्याचे कारण नाही. येत्या सर्वसाधारण सभेत पुढच्या गणेशोत्सवाच्या वर्गणीपूर्वी एवढे विचारावे: जिन्याखालच्या त्या पेटीतील किती जोड्या अजून जिवंत आहेत, आणि तिची किल्ली कोणाकडे आहे?