बल वाढवावे की आवरावे?

चरकोक्त त्रिविध बलांपैकी सहज बलाशी मिळतीजुळती अशी जन्मजात प्रतिकारशक्ती आधुनिक शास्त्रही मानते. ती कशी जागृत होते, या शोधास २०११ चे नोबेल मिळाले. परंतु ती वाढवणे सदैव हितकर नव्हे. टीएलआर-७ हा रिसेप्टर उद्दीपित करणारे इमिक्विमोड मलम चामखिळींवर उपयोगी पडते; तेच सोरायसिस भडकवू शकते. उलट, अशा रिसेप्टरांचे उद्दीपन रोखणारे हायड्रॉक्सिक्लोरोक्विन ल्यूपसमध्ये लाभते. म्हणजे एका रुग्णाचे औषध ते दुसऱ्याचे अपथ्य. म्हणून ल्यूपस, सोरायसिस वा संधिवाताची चौकशी केल्याविना वैद्यांनी 'प्रतिकारशक्तिवर्धक' कल्प योजू नयेत आणि औषधविक्रेत्यांनी ते चिठ्ठीविना देऊ नयेत, असे आमचे स्पष्ट मत आहे. दोषबलाचा विचार सोडून केवळ वेष्टनावरील शब्दांवर विसंबणे आपल्या शास्त्रास शोभत नाही.