शहरी कोंडीत डिझेलचे सुख ओसरले

मुंबई - गिरगावातून लालबाग, परळमार्गे दादर गाठणाऱ्या मोटारचालकाचा बराच वेळ क्लच आणि ब्रेक यांवरच जातो. अशा वेळी कमी वेगातही मिळणारी ओढ हे डिझेल इंजिनाचे खरे सुख. त्याला स्वस्त इंधनाची जोड होती. मात्र, ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे दर नियंत्रणमुक्त झाले आणि पेट्रोलशी असलेली तफावत घटली. एप्रिल २०२० पासून "भारत स्टेज ६' निकष लागू झाले. या निकषांच्या डिझेल मोटारींतील काजळी अडविणारा फिल्टर स्वच्छ होण्यासाठी सलग, वेगवान धाव लागते. सिग्नलागणिक थांबणाऱ्या या पट्ट्यात ती दुर्मिळच. फिल्टर तुंबला, की इंजिनाची ताकद घटते आणि खर्च वाढतो. त्यामुळे रोजच्या छोट्या फेऱ्यांसाठी पेट्रोलच सुखाचे; डिझेलचा विचार वारंवार पुणे, कोकण गाठणाऱ्यांनी करावा.