प्लॉट घेण्याआधी पायी चालून पाहा

वसमत तालुक्यातल्या हट्ट्यासारख्या गावात चार पैसे हाती आले की घरात एकच विषय निघतो. गावातलं घर विकू, रस्त्यालगतच्या ले-आउटमध्ये प्लॉट घेऊ. बोळात गाडी येत नाही, नाली तुंबते, भिंतीवरून भावाभावांत कुरबूर होते. तक्रार खरी आहे.

पण आधी घरातल्या बायकांचा आणि म्हाताऱ्यांचा दिवस मोजा. गावठाणात दळण, दूध, शिंपी, मशीद, खालाचं घर सगळं चपला घातल्या की हाताशी. प्लॉटवर मीठ संपलं तरी मोटारसायकलवाल्याची वाट पाहायची. अम्मींना गाडी चालवता येत नाही. म्हणजे त्यांचं येणंजाणं मुलाच्या सवडीवर आलं. मुलगी शाळेत जाते त्या वाटेवर दुकानं, ओटे, ओळखीची माणसं असली तर घरचे निर्धास्त असतात. वाट सुनसान झाली की पहिली शाळा तिचीच सुटते.

जुन्या माणसांना हे कळत होतं. मलिक अंबरने १६१० साली खडकी वसवली, पुढे तिचंच औरंगाबाद झालं. त्याने जमिनीखालच्या नहरीने पाणी थेट वस्तीत आणलं. नंतर बेगमपुरा, जयसिंगपुरा, करणपुरा असे पुरे उभे राहिले. शहागंजची मशीद सुमारे १७२० ची. तिच्या तीन बाजूंना दुकानं आहेत. नमाज आणि सौदा एकाच फेरीत! जेन जेकब्ज यांनी १९६१ साली अमेरिकेतल्या शहरांवरच्या पुस्तकात हेच मांडलं: घरं आणि दुकानं मिसळलेल्या रस्त्याची राखण तिथल्या माणसांच्या नजरा करतात. पॅरिसमध्ये आता पंधरा मिनिटांच्या अंतरात सगळं मिळावं म्हणून योजना आखतात. आपल्या गल्लीत तेवढ्यात माणूस दोनदा चहा पिऊन येतो.

प्लॉट घ्यायचाच असेल तर गावठाणाला लागून पाहा. नकाशातली मोकळी जागा प्रत्यक्षात कुठे आहे, ते पाय ठेवून बघा. कोपऱ्यावर दुकानाला जागा आहे का, विचारा. आणि व्यवहार ठरण्याआधी अम्मींना तिथून बाजारापर्यंत चालवून आणा, तेही उन्हाळ्यात.

गावातच राहायचं असेल तर नाली आणि फरशीचा प्रश्न ग्रामपंचायतीत न्या. ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घेण्याची कायद्यात तरतूद आहे. तिथे आपल्या मोहल्ल्यातून किती जणी जातात? पुढच्या वेळी पाच-सहा जणी मिळून जा, नालीचा विषय मांडा आणि तो इतिवृत्तात लिहिला गेला की नाही, हे उठण्याआधी वाचून घ्या.