यीस्टला वार कळत नाहीत

घरी बिअर करायच्या किटमध्ये एक घडीचा कागद येतो. माझ्या कागदावर लिहिलंय: सात दिवस आंबू द्या, आठव्या दिवशी बाटल्या भरा. हे लिहिणाऱ्याला जानेवारीत माझ्या मिनियापोलिसच्या तळघरात आणून उभं करावं, अशी माझी फार इच्छा आहे.

(अमेरिकेत १९७८ साली राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी सही केलेल्या केंद्राच्या कायद्याने घरी बिअर करायला मुभा आहे. महाराष्ट्रात परवान्याशिवाय तो गुन्हा आहे, तेव्हा तिकडच्या वाचकांनी हे नुसतं वाचावं.)

बाहेर उणे वीस, तळघरात तेरा अंश. एकोणीस लिटर पेल एल लावली होती. दोन दिवस एअरलॉकमधून, म्हणजे वायू बाहेर सोडणाऱ्या झाकणावरच्या झडपेतून, बुडबुड्यांची नुसती धांदल, चौथ्या दिवशी सगळं चिडीचूप. कागदाच्या हिशेबाने छान चाललं होतं. मी हायड्रोमीटर सोडला. ही काचेची नळी साखर जास्त असेल तितकी वर तरंगते आणि साखरेची दारू होत जाईल तशी खाली बुडते. साध्या पाण्यात १.०००. माझी बिअर १.०५२ वर सुरू झाली होती, १.०१२ च्या आसपास यायला हवी होती. आकडा होता १.०२८.

बुडबुड्यांवर माझा विश्वास नाही. झाकणाचं रबर जरा तिरकं बसलं तर वायू तिथूनच पळतो. आत जोरात आंबत असतं आणि एअरलॉक मात्र गप्प. उलट खोली तापली की विरघळलेला वायू सुटतो आणि काहीच आंबत नसताना बुडबुडे येतात.

मित्राचा सल्ला ठरलेला: ‘अरे, अजून एक पाकीट टाक.’ साडेअकरा ग्रॅमचं एक पाकीट एवढ्या बिअरला पुरतं. यीस्ट कमी नव्हतं, गारठून तळाशी बसलं होतं. थंडीत आमच्या सांगलीला विरजण जरा जास्त घालतात हे खरं, पण पातेलं आधी उबेला सरकवतात. मी तो जड बुधला छातीशी धरून वर आणला, हीटरजवळ ठेवला, आईने शिवलेली गोधडी गुंडाळली आणि तळाचा गाळ उठेल इतपतच गोल फिरवला. घुसळायचं नाही, या टप्प्यावर हवा शिरली की चव बिघडते. वीस अंशांना तिसऱ्या दिवशी १.०२०, दहाव्या दिवशी १.०१२. आणखी तीन दिवसांनी तेवढाच. मगच बाटल्या.

आकडा वर अडकला म्हणजे दर वेळी बिघाडच असतो असंही नाही. माल्ट सत्तर अंशांच्या पाण्यात भिजवलं की न आंबणारी साखर जास्त उतरते. मग ती बिअर १.०१८ वर थांबेल आणि तिथेच संपेल. गोधडीचा तिला उपयोग नाही.

मी एवढा चिडतोय, कारण तीन वर्षांपूर्वी मी कागदाचं ऐकलं होतं. आठव्या दिवशी बाटल्या भरल्या, फेसासाठी वरून साखरही घातली. आतली उरलेली साखर आणि ही, दोन्ही बंद बाटलीत आंबल्या. दोन आठवड्यांनी मध्यरात्री कपाटात तीन बाटल्या फुटल्या. लाकडी दारात रुतलेली काच मी पकडीने उपसली. तिथे माझी मुलगी असती तर, हा विचार आजही नको वाटतो.

‘सात दिवस’ छापलं की किट खपतं, हे मला कळतं. पण मग निदान हायड्रोमीटर तरी किटमध्ये घाला आणि दिवसांच्या जागी तापमान आणि आकडा छापा.

यंदा शेजाऱ्याने तेच किट आणलं. त्याच्या कागदावरचे ‘सात दिवस’ मी पेनाने खोडले आणि लिहिलं: वीस अंश, आकडा तीन दिवस हलला नाही तरच बाटल्या. त्याने ते दोनदा वाचलं आणि विचारलं, ‘ते ठीक आहे, पण साधारण किती दिवस धरू?’