तारीख यंत्राला, चांद आपल्याला

पुसेगावचा किरकोळ दुकानदार असो की हिंगोलीचा ठोक व्यापारी, दरमहा जीएसटी विवरण भरणाऱ्याला २० तारीख चुकवून चालत नाही. कर देणे असलेल्या विवरणाला उशीर झाला की दिवसाला ५० रुपये विलंबशुल्क लागते. अशी ठरलेली कामे संगणकातील ‘क्रॉन’ या वेळापत्रकावर सोपवावीत, हे उत्तम. त्यात मिनिट, तास, तारीख, महिना व वार अशी पाच घरे असतात. ०, ९, १८ आणि पुढे दोन फुल्या टाकल्या, की दर १८ तारखेला सकाळी ९ वाजता आठवणीचा प्रोग्राम आपोआप चालतो.

मात्र त्या वेळी वीज जाऊन संगणक बंद असेल, तर साधा क्रॉन हुकलेले काम नंतर करीत नाही. शिवाय त्याला चंद्रदर्शन कळत नाही. हिजरी वर्ष सुमारे ११ दिवसांनी लहान. ईदच्या कापडाची मागणी नोंदवण्याची आठवण यंदा महिनाभर आधीच्या तारखेला कायम करून ठेवली, तर चौथ्या वर्षी ती ईद उलटल्यावर येईल!

तेव्हा बांधवांनो, सरकारी तारखा यंत्राकडे द्या. सणाच्या मालाची तारीख मात्र दरवर्षी स्वतःच्या हाताने बदला.