अंथरूण पाहून प्रवास

शाळेची सुटी जवळ आली, की घरोघरी एकच प्रश्न उभा राहतो: यंदा मुलांना कोठे न्यावयाचे? ज्यांच्या घरी पैशाची सुबत्ता आहे त्यांना हा प्रश्न गोड वाटतो. परंतु महिन्याच्या पगारात ज्यांना पाच तोंडांची व्यवस्था पाहावी लागते, त्यांना तो बरेच दिवस आधीपासून टोचू लागतो. मुलांना ‘नाही’ म्हणवत नाही, आणि ‘हो’ म्हणावयास जीभ धजत नाही. आज या प्रश्नाचा विचार आम्ही एका घराच्या उदाहरणाने करणार आहोत.

कामरेज हे सुरत जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण. तापी नदी गावाजवळून वाहते, आणि मुंबईहून अहमदाबादेकडे जाणारा राष्ट्रीय महामार्गही तेथूनच पुढे जातो. सुरत शहर तेथून सुमारे २० किलोमीटरवर. आमच्या मावसबहिणीचे बिऱ्हाड काही वर्षांपासून तेथे आहे. भावोजी यंत्रमागाच्या कारखान्यात कामाला आहेत; बहीण घरी शिवणकाम करते. मुले तीन: थोरला आठ वर्षांचा, मधली चार वर्षांची आणि धाकटा दोन वर्षांचा.

दोन वर्षांपूर्वीच्या भाद्रपदात आम्ही त्यांच्याकडे गेलो, तेव्हा घरात अबोला होता. कारण विचारता आदल्या वर्षीच्या मे महिन्यातील सहलीची कथा बाहेर आली. शेजाऱ्यापाजाऱ्यांची पाहून यांनीही नऊ दिवसांत पाच गावे पाहण्याचा बेत केला होता. पैसे कमी पडले म्हणून पगारातून उचल घेतली. उन्हाळा कडक, गाड्यांना गर्दी, रोज सामान बांधावयाचे आणि रोज सोडावयाचे. चौथ्या दिवशी धाकट्याला जुलाब झाले. तो तेव्हा आठ महिन्यांचा होता. उरलेली गावे खोलीच्या खिडकीतूनच पाहिली गेली. घेतलेली उचल फेडता फेडता नाताळ उजाडला. पुढे थोरल्याला कोणी विचारले, “काय काय पाहिलेस रे?” तर तो म्हणाला, “हातपंप.” उतरले होते तेथील अंगणात एक हातपंप होता, आणि तो हापसण्यात त्याची एक दुपार सुखाने गेली होती.

त्यानंतर भावोजींनी ठरवून टाकले, की सहलीचे नाव पुन्हा काढावयाचे नाही. आणि बहिणीचे म्हणणे असे, “दादा, मला मोठी गावे पाहावयाची नाहीत. पण वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस ही चूल आणि हे शिवणयंत्र. गेल्या वर्षी घरी एक तरी चूल होती. प्रवासात मला रोज नवी चूल शोधावी लागली. त्याला सुटी म्हणावयाचे काय?”

दोघांचेही म्हणणे खरे होते. एकाला कर्जाची लाज वाटत होती, दुसरीला विश्रांतीची गरज होती. मात्र दोघे एकमेकांशी त्याविषयी बोलत नव्हती. आम्ही थोरल्याची पाटी मागवून घेतली आणि तिघे हिशेबाला बसलो.

पहिला प्रश्न पैशाचा. सुदैवाने, उचल फिटल्यावर जानेवारीपासून बहीण दरमहा ६०० रुपये एका डब्यात टाकीत होती. ऑक्टोबरअखेर दहा महिन्यांचे ६,००० रुपये होणार होते. आम्ही ठरविले, की सहल डब्याएवढीच. त्या रकमेचे तीन भाग केले: निम्मे, म्हणजे ३,००० रुपये, प्रवास व राहण्यासाठी, १,५०० रुपये खाण्यापिण्यासाठी, आणि उरलेले १,५०० रुपये आजारपण किंवा अडचण आल्यास काढण्यासाठी, एरवी हात न लावण्यासाठी. बहुतेक घरांत हा तिसरा भाग बाजूला काढलाच जात नाही, आणि मग संकट आले की कर्जाचे दार ठोठवावे लागते.

दुसरा प्रश्न वेळेचा. मे महिन्यात मुलांना सुटी असते, पण कारखाना चालू असतो. भावोजींना रजा घ्यावी तर पगार कापला जातो. दिवाळीत मात्र गुजरातच्या शाळांना तीन आठवड्यांची सुटी मिळते, आणि सुरतेकडील यंत्रमाग व हिऱ्यांचे कारखानेही त्या सुमारास बंद राहतात. हवाही सुसह्य असते. अडचण एकच: त्या दिवसांत सौराष्ट्रातील, खानदेशातील आणि उत्तरेकडील हजारो कामगार आपापल्या गावी निघतात. तेव्हा गाडीत पाय ठेवावयास जागा मिळत नाही, आणि सहलीच्या ठिकाणी खोल्यांचे भाव चढलेले असतात. व्यापारी लोक लाभपंचमीला पुन्हा दुकाने उघडतात व गर्दी ओसरू लागते. यांचा कारखाना त्यानंतरही काही दिवस बंद राहणार होता. म्हणून लाभपंचमीनंतरच्या रविवारी मिस्सा आटोपून सोमवारी निघावे व बुधवारी परतावे, असे ठरले.

तिसरा प्रश्न ठिकाणाचा. येथे आम्ही एक नियम सुचविला: घरातील सर्वांत धाकट्या मुलाला जेवढा प्रवास सोसेल तेवढाच करावा. दोन वर्षांच्या मुलाला तीन तासांहून अधिक एका जागी बसविणे म्हणजे त्याचे हाल आणि इतरांचेही. आणि गाव एकच; सामान एकदाच सोडावयाचे व एकदाच बांधावयाचे. भावोजींनी सापुताऱ्याचे नाव काढले, पण घाटातील वळणे मुलांना बाधतील म्हणून ते मागे पडले. शेवटी महामार्गाने नवसारी आणि तेथून समुद्रकाठचे दांडी हे गाव निश्चित झाले.

दांडीचे नाव कोणास ठाऊक नाही? १२ मार्च १९३० रोजी महात्मा गांधी साबरमतीच्या आश्रमातून पायी निघाले, ५ एप्रिलला दांडीस पोहोचले आणि ६ एप्रिलच्या सकाळी त्यांनी तेथे मीठ उचलले. सुमारे ३८५ किलोमीटरची वाट २४ दिवसांत चालून झाली. म्हणजे दिवसाला सरासरी १६ किलोमीटर. मुक्कामाची गावे आधी ठरलेली होती. जेवण साधे हवे, असे गावकऱ्यांना कळविलेले होते. आणि आमच्या विषयाशी निगडित अशी एक गोष्ट याच सुरत जिल्ह्यात, ओलपाड तालुक्यातील भाटगाम येथे, २९ मार्चला घडली. सोबतच्या मंडळींसाठी सुरतेहून मोटारीने दूध आणविले होते आणि मजुरांच्या डोक्यावर झगझगीत दिवे दिले होते. हे पाहून गांधीजींनी त्या सभेत सर्वांसमक्ष आपल्या मंडळींची व स्वतःची कानउघाडणी केली. गरिबांच्या नावाने निघालेल्या यात्रेत देशाला न झेपणारा खर्च त्यांना सहन झाला नाही. एवढ्या मोठ्या यात्रेलाही जर अंथरूण पाहून पाय पसरावे लागले, तर आपल्या तीन दिवसांच्या सहलीला त्यात कमीपणा कसला?

चौथा प्रश्न बहिणीच्या विश्रांतीचा, आणि आमच्या मते तोच मुख्य. त्यासाठी पाटीवर तीन कलमे लिहिली. एक: दोन्ही दिवस दुपारचे जेवण बाहेर; त्या वेळी तिने चुलीकडे पाहावयाचे नाही. दोन: सकाळ-संध्याकाळसाठी दशम्या, चिवडा, भाजलेले शेंगदाणे व केळी घरूनच न्यावयाची. तीन: रोज चार ते सहा मुले बापाच्या स्वाधीन; त्या दोन तासांत तिने झोपावे, बसावे, वाटेल ते करावे. तिसरे कलम लिहिताना भावोजी थोडे हसले, पण खाली सही त्यांनीच केली.

पिशवीत काय असावे, हेही सांगून ठेवतो. उकळून गार केलेले पाणी. तापाचे, वैद्याने आधी सांगून ठेवलेले औषध. आणि जुलाबांसाठी क्षारसंजीवनीची पुडी. पुडी नसल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवून ते मुलाला घोटघोट पाजत राहावे, आणि मूल मलूल दिसू लागल्यास विलंब न लावता दवाखाना गाठावा. प्रत्येक मुलाच्या खिशात नाव व बापाचा दूरध्वनी क्रमांक लिहिलेली चिठ्ठी असू द्यावी. समुद्राविषयी तर अधिकच सावध असावे. खंभातच्या आखाताजवळच्या या किनाऱ्यावर ओहोटीला पाणी फार दूर मागे जाते आणि भरतीला झपाट्याने परत येते. भरतीची वेळ दररोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. म्हणून कालच्या वेळेवर विसंबू नये, रोज तेथील कोळ्यांना विचारावे आणि मुलांचा हात सोडू नये.

जे वाचक वसईकडून किंवा अन्य गावाहून रेल्वेने निघणार असतील, त्यांनी भाड्याचा नियम ध्यानी ठेवावा. पाच वर्षांखालील मुलासाठी वेगळी जागा न घेतल्यास तिकीट लागत नाही. पाच ते बारा वर्षांखालील मुलाला राखीव डब्यात स्वतंत्र शायिका मागितली तर २०१६ पासून पूर्ण भाडे पडते. न मागितल्यास अर्धे. रात्रीचा प्रवास टाळून दिवसाचा केला, तर ही बचत सहज साधते. आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून साठ दिवस आधी खुले होते.

त्या नाताळात आम्ही पुन्हा कामरेजला गेलो. सहल कशी झाली ते मुलांनी एकाच वेळी सांगितले, त्यामुळे सगळे समजण्यास थोडा वेळ लागला. गांधीजी राहिले होते ती सैफी व्हिला त्यांनी पाहिली. ३० जानेवारी २०१९ रोजी खुल्या झालेल्या स्मारकात दांडीयात्रेतील प्रसंगांची २४ शिल्पचित्रे आहेत. थोरल्याने ती दोनदा मोजली. मधलीने वाळूत घर केले आणि ते मोडले म्हणून रडली. परतताना नवसारीची गाडी डोळ्यांदेखत निघून गेली आणि तासभर थांबावे लागले. तेव्हा शेंगदाण्यांनी वेळ निभावली. आजारपणाच्या १,५०० रुपयांपैकी खोकल्याच्या औषधाला १४० लागले. राहिलेले १,३६० पुढच्या वर्षाच्या डब्यात पडले.

थोरल्याने एक छोटी बाटली आमच्यासमोर आणून ठेवली. दांडीहून त्याने समुद्राचे अर्धा लिटर पाणी आणले होते, आणि गच्चीवर एका ताटात ते काही दिवस उन्हात वाळविले होते. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सर्वसाधारणपणे ३५ ग्रॅम क्षार असतात. याच्या बाटलीच्या तळाशी बोटभर मळकट मीठ होते. ते खावयाचे नाही, असे त्याने आम्हांस बजावून सांगितले. दुकानातून विकत आणलेली कोणतीही वस्तू त्याने अशी जपली नसती.

निघताना बहीण दारापर्यंत आली. आम्ही विचारले, “मग, कशी झाली सहल?” ती क्षणभर थांबली व म्हणाली, “दादा, या वेळी मीसुद्धा गेले होते.”

आमच्या वाचकांनी दांडीलाच जावे असे आमचे म्हणणे नाही. प्रत्येक गावाजवळ दोन-तीन तासांच्या वाटेवर नदी, किनारा, किल्ला किंवा आजीचे घर असतेच. परंतु सुटी येईपर्यंत थांबू नये. आज रात्री जेवणे झाल्यावर नवराबायकोने पाटी घेऊन बसावे, डबा कोठला ते ठरवावे, आणि आईच्या दोन तासांचे कलम सर्वांत आधी लिहावे.